वेगाचा आठवा घात
जेट विमानाने प्रवासी वाहतुकीस प्रारंभ केला तो १९५२ सालच्या मे महिन्यात. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात २८ वर्षांच्या एका गणितज्ञाचा निबंध प्रसिद्ध झाला. विमानतळाच्या छायेत राहणारी माणसे हीथ्रोजवळची असोत की मुंबईच्या कुर्ला-अंधेरीतली, त्यांच्या निद्रानाशाचे मूळ शोधण्याचे गणिती साधन या निबंधाने प्रथमच उपलब्ध करून दिले.

ते गणितज्ञ म्हणजे सर जेम्स लाइटहिल. जन्म १९२४ चा, पॅरिसमधला, वडील खाण-अभियंते. विंचेस्टरच्या शाळेत फ्रीमन डायसन हे त्यांचे सहाध्यायी होते. वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी ते मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले.

आवाज म्हटला की कंप पावणारी तार किंवा पडदा आपल्या डोळ्यांपुढे येतो. जेटच्या झोतात असे काहीच नसते. वेगवान झोत स्तब्ध हवेत घुसतो, दोहोंच्या सीमेवर भोवरे उठतात आणि त्या भोवऱ्यांच्या ओढाताणीतूनच ध्वनी जन्मास येतो. ध्वनीहून कमी वेगाच्या झोतात ही ध्वनिशक्ती वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे लाइटहिल यांनी दाखवून दिले. म्हणजे वेग निम्मा केला की ध्वनिशक्ती २५६ पटींनी उतरते! अर्थात तेवढ्याने विमानास पुढे ढकलणारा रेटाही घटणार. तो कायम राखण्यासाठी झोताचा व्यास दुप्पट केला, तरीदेखील ध्वनिशक्ती ६४ पटींनी, म्हणजे १८ डेसिबलांनी, कमीच राहते. झोताच्या मुखाला मुसके बांधण्यापेक्षा झोतच रुंद आणि संथ करावा, हा त्यातला निर्णायक बोध होय.

तो पचनी पडण्यास वेळ लागला. आरंभी झोतमुखाच्या कडा पन्हळी करून पाहण्यात आल्या. थोडा गुण आला, परंतु रेट्याची किंमत मोजावी लागली. खरा उतार पडला तो १९७० च्या सुमारास, मोठ्या पंख्यांची इंजिने आल्यानंतर. ही इंजिने कारखानदारांनी मुख्यतः इंधनाच्या बचतीसाठी पत्करली. शेजाऱ्यांच्या झोपेची कणव हे काही त्याचे प्रमुख कारण नव्हते. असो.

१९५९ ते १९६४ या काळात लाइटहिल फार्नबरोच्या राजकीय विमान संशोधन संस्थेचे संचालक होते. काँकॉर्डच्या पायाभूत संशोधनात या संस्थेचा मोठा वाटा होता, आणि हेच विमान पुढे उड्डाणाच्या वेळी कान बधिर करण्याबद्दल कुप्रसिद्ध झाले. हा योगायोग त्यांच्या चरित्रकाराला टाळता येणार नाही. १९६९ मध्ये ते केंब्रिजच्या ल्युकेशियन अध्यासनावर आले. त्याच वर्षी, नैऋत्य मोसमी वारे सुरू होताच हिंदी महासागराचे प्रवाह कसे बदलतात, याचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याकडील वाचकांना त्याचे अगत्य अधिक वाटावे.

समुद्राची ओढ मात्र केवळ कागदावरची नव्हती. इंग्लिश खाडीतील सार्क बेटाला वळसा घालून सुमारे नऊ मैल पोहण्याचा पराक्रम त्यांनी १९७३ मध्ये केला आणि नंतरही अनेकदा केला. १७ जुलै १९९८ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, तोच वळसा पुरा करीत असता पाण्यातच त्यांचे निधन झाले.