समुद्रापुढे नमलेला, माणसांपुढे न नमलेला

पाऊस थांबला की क्रिकेटचे पंच मैदानात उतरतात, गवत चाचपतात, घड्याळ पाहतात. आणि हजारो माणसे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत बसतात. आपल्याला हे दृश्य नवे नाही. अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींत पावसाच्या दिवशी असेच नाट्य घडते. फरक एवढाच, की तिथे चुकीच्या निर्णयाची किंमत केवळ निकालावर भागत नाही. ताशी दोनशे मैलांच्या आसपास धावणाऱ्या चाळीस मोटारी ओलसर डांबरावर सोडायच्या की नाही, असा तो प्रश्न असतो. हा प्रश्न हंगामामागून हंगाम सोडवत आलेली संस्था म्हणजे नॅसकार, आणि ती उभी करणारा माणूस म्हणजे विल्यम हेन्री गेटी फ्रान्स, ऊर्फ ‘बिग बिल’. मला त्याचे आयुष्य एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसते: शर्यत केव्हा सुरू व्हावी, केव्हा थांबावी, आणि हे ठरवायचे कोणी?

फ्रान्सचा जन्म १९०९ सालचा. साडेसहा फुटांच्या जवळ जाणारी उंची, हातात मेकॅनिकचे कसब आणि डोक्यात शर्यतींचे वेड. मंदीच्या दिवसांत, १९३४ साली, बायको ॲन आणि लहानग्या मुलाला घेऊन त्याने वॉशिंग्टन सोडले आणि फ्लोरिडातल्या डेटोना बीचवर बिऱ्हाड केले. तिथली ओहोटीनंतरची वाळू डांबरासारखी टणक होई आणि वेगाचे विक्रम करायला जगभरचे शौकीन तिथे येत. पण १९३५ साली माल्कम कॅम्पबेलने आपली विक्रमी गाडी उटाहमधल्या मिठाच्या मैदानावर नेली आणि डेटोनाचे वैभव ओसरू लागले. गावाने १९३६ साली नवा घाट घातला: दुकानातून विकत मिळतात तशाच मोटारींची शर्यत. अर्धा मार्ग किनाऱ्यावरचा, अर्धा लगतच्या रस्त्यावरचा. वळणांवरच्या मऊ वाळूत गाड्या रुतून बसल्या, ठरलेल्या ७८ फेऱ्यांपैकी ७५ फेऱ्यांवरच शर्यत आटोपती घ्यावी लागली आणि गावाला मोठी खोट आली. फ्रान्स त्या शर्यतीत पाचवा आला. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, आयोजनाची सूत्रे त्यानेच हाती घेतली.

इथून त्याचे खरे शिक्षण सुरू झाले. या मार्गाचा अर्धा भाग दिवसातून दोनदा पाण्याखाली जाई. त्यामुळे शर्यतीची वेळ प्रेक्षकांच्या सोयीने नव्हे, तर भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरे. कोकणातल्या कोणाही मच्छीमाराला हे सांगावे लागणार नाही. पण तिकिटे विकून पोट भरणाऱ्या आयोजकाला हे अवघड गणित होते. आधीची शर्यत रेंगाळली, अपघात निस्तरायला वेळ लागला, की समुद्र पुढे सरकायला लागलाच. एकाहून अधिक वेळा भरतीमुळे काही फेऱ्या कमी करून निकाल द्यावा लागला. वाळूच्या टेकड्यांतून फुकटे प्रेक्षक घुसू नयेत म्हणून फ्रान्सने तिथे विषारी सापांपासून सावध राहण्याच्या पाट्या लावल्या होत्या, असे सांगतात. माणसांना अशी हूल देता येत असे. समुद्राला देता येत नव्हती.

डिसेंबर १९४७ मध्ये डेटोनाच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात बैठका झाल्या आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये नॅसकारची रीतसर नोंदणी झाली. तोवर या धंद्यात बक्षिसाची रक्कम घेऊन पसार होणारे आयोजक आणि गावागणिक बदलणारे नियम यांचा सुळसुळाट होता. फ्रान्सने एक नियमावली, एक वेळापत्रक आणि शेवटचा शब्द देणारे एक कार्यालय दिले. पुढे त्याने किनाराही सोडला. १९५९ साली उघडलेला डेटोनाचा अडीच मैलांचा ट्रॅक ही त्याची सर्वांत मोठी उडी. ३१ अंश कललेली वळणे रचायला लागलेली माती आतल्या मैदानातूनच काढली. तिथे जो खड्डा पडला त्यात पाणी साठून तळे झाले. पहिल्याच ‘डेटोना ५००’मध्ये दोन गाड्यांनी इतकी बरोबरीने रेषा ओलांडली की जॉनी बोशँपला विजेता ठरवून झाल्यावर छायाचित्रे आणि चित्रफिती तपासण्यात ६१ तास गेले आणि अखेर ली पेटी विजयी ठरला.

फ्रान्स आता भरतीतून सुटला, पण आकाशातून नाही. या गाड्यांच्या टायरांना खाचा नसतात. कोरड्या डांबराला ते घट्ट धरतात. पण खाली पाण्याचा पातळ थर आला की ते पाणी बाजूला सारता येत नाही आणि गाडी तरंगू लागते. कललेल्या वळणावर अशी सुटलेली गाडी थेट भिंतीवर जाते. शिवाय पाऊस थांबला म्हणजे संपले असेही नाही. डांबराच्या भेगांतून मुरलेले पाणी पुन्हा झिरपत वर येते. फ्रान्सने किनाऱ्यावरची अक्कल इथेही वापरली. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी पाऊस येतो, म्हणून ४ जुलैची शर्यत सकाळीच सुरू करण्याची प्रथा पडली. आणि निम्म्या फेऱ्या झाल्या असतील तर पावसाने थांबलेली शर्यत अधिकृत धरण्याचा दंडक रुजला. १९६५ ची डेटोना ५०० अशीच २०० पैकी १३३ फेऱ्यांवर संपली. पुढच्या वर्षी तर फक्त दोन फेऱ्या उरल्या असताना पाऊस आला. पाचशे मैलांची म्हणून विकलेली शर्यत ४९५ मैलांवर थांबवण्यात आली.

दोन फेऱ्यांसाठीही पावसाशी न भांडणारा हा माणूस माणसांपुढे मात्र तसूभर हटत नसे. १९६१ मध्ये चालकांची संघटना बांधू पाहणाऱ्या कर्टिस टर्नर आणि टिम फ्लॉक यांना त्याने आजन्म बंदी घातली. टर्नरची बंदी १९६५ मध्ये उठली. १९६३ साली जॅक्सनव्हिलची शर्यत वेंडेल स्कॉट या कृष्णवर्णीय चालकाने जिंकली, पण करंडक गोऱ्या चालकाला दिला गेला. गणतीची चूक झाल्याचे नंतर मान्य झाले, स्कॉटला पैसे मिळाले; करंडक मात्र त्याच्या कुटुंबाच्या हाती २०२१ मध्ये पडला. तेव्हा स्कॉट जाऊन तीन दशके लोटली होती. एका निकालासाठी ६१ तास जागणारी यंत्रणा दुसऱ्याच्या सन्मानासाठी अठ्ठावन्न वर्षे घेते, हा हिशेब मला विसरता येत नाही.

या स्वभावाची खरी कसोटी लागली ती सप्टेंबर १९६९ मध्ये, अलाबामातल्या टालाडेगा या नव्याकोऱ्या ट्रॅकवर. सरावात टायर फाटत होते. रिचर्ड पेटीच्या नेतृत्वाखाली चालकांनी शर्यत पुढे ढकलण्याची मागणी केली. आकाश फाटले असते तर फ्रान्सने शर्यत बिनतक्रार लांबवली असती. पण टायर फाटत असताना तो अडून बसला. साठीला टेकलेला हा गृहस्थ स्वतः गाडीत बसून ट्रॅकवर ताशी १७५ मैलांच्या वेगाने फिरून आला. तीसहून अधिक चालक निघून गेले, तरी त्याने मिळतील ते चालक घेऊन शर्यत पार पाडली आणि तिकिटाच्या अर्धुकावर प्रेक्षकांना पुढची एक शर्यत पाहण्याची सवलत दिली. रिचर्ड ब्रिकहाउस जिंकला आणि कोणाचा जीव गेला नाही. पण म्हणून फ्रान्सचा निर्णय बरोबर ठरतो का? मला तसे वाटत नाही. दैवाने दिलेली सूट ही शहाणपणाची पावती नसते.

१९७२ मध्ये त्याने सूत्रे थोरल्या मुलाकडे सोपवली. तिकिटांचा आणि पैशांचा हिशेब आयुष्यभर सांभाळणारी ॲन जानेवारी १९९२ मध्ये गेली; त्याच वर्षी ७ जूनला फ्रान्सही गेला. त्यानंतर बरेच बदलले. ट्रॅक वाळवायला विमानाच्या इंजिनांसारखी झोत सोडणारी यंत्रे आहेत. डेटोनावर १९९८ मध्ये दिवे लागल्यापासून अंधार पडला म्हणून शर्यत संपत नाही. २०१४ मध्ये सहा तासांहून अधिक वाट पाहून ती रात्री पुरी झाली. २०२४ मध्ये रिचमंडच्या छोट्या ट्रॅकवर ओलसरपणात चालणारे टायर लावून शर्यत सुरू करण्यात आली. तरीही मोठ्या ट्रॅकवर पावसाचाच शब्द शेवटचा. २०२० मध्ये खुद्द अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी डेटोना ५०० सुरू करण्याचा पुकारा केला, आणि पावसाने ती सोमवारवर ढकलली.

फ्रान्सच्या वारसाचा मोठेपणा मी इथेच मानतो: पाणी आले की थांबायचे, आणि थांबल्याची लाज वाटू द्यायची नाही. त्याची मर्यादाही इथेच आहे. समुद्राने दिलेली सूचना तो निमूट ऐके. पण गाडीत बसणारा माणूस तीच सूचना देऊ लागला, तर त्याला ती बंडखोरी वाटे. आज निर्णयाच्या खोलीत बसणाऱ्यांनी त्याच्याकडून पहिली गोष्ट घ्यावी आणि दुसरी सोडून द्यावी. पावसाला तिकिटाची पर्वा नसते. भीती सांगणाऱ्या चालकाला मात्र आपल्या जिवाची पर्वा असते.