दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि न बदलणारे शब्द

'मुलगा हळू चालतो', 'मुलगी हळू चालते', 'मुले हळू चालतात' ही वाक्ये वाचा. नाम बदललं, क्रियापद बदललं, पण 'हळू' आहे तसाच राहिला. लिंग, वचन, विभक्तीमुळे ज्यांचे रूप बदलत नाही, त्या शब्दांना अव्यय किंवा अविकारी शब्द म्हणतात. मराठी शब्दांची अशी वर्गवारी मराठीतूनच समजावून देणाऱ्या सुरुवातीच्या व्याकरणकारांत दादोबा पांडुरंग यांचे नाव मोठे आहे.

दादोबांचा जन्म 9 मे 1814 रोजी मुंबईत झाला. त्या काळी इंग्रज अधिकारी मराठी शिकत, पण त्यांच्यासाठीची व्याकरणे इंग्रजीत असत. विल्यम केरी यांचे 1805 मधले व्याकरण तसेच होते. मग मराठी मुलांनी आपल्या भाषेचे नियम कुठून शिकायचे? दादोबांनी हे काम अंगावर घेतले आणि 1836 मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले. मांडणी बरीचशी इंग्रजी व्याकरणाच्या वळणाची, संज्ञा संस्कृतच्या. काही जाणकारांना हे पटले नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या मतांची कडक तपासणी केली. दादोबा मात्र आपले पुस्तक पुन्हा पुन्हा सुधारत राहिले. लहान मुलांसाठी 1865 मध्ये त्यांनी लघु व्याकरणही लिहिले.

ते पेशाने शिक्षक होते. सुरतेत असताना 1844 मध्ये दुर्गाराम मेहताजींसोबत त्यांनी मानवधर्म सभा काढली. पुढे मुंबईत जातिभेद न मानणारी परमहंस सभा उभी राहिली, तिच्यामागेही दादोबा होते. तिथे सगळे एकत्र जेवत. हे बाहेर कळले तर जातीतून बहिष्कार पडायचा, म्हणून सभा गुप्तपणे भरे. सभासदांची नावे फुटली आणि भीतीने सभा मोडली. पण तो विचार संपला नाही. 1867 मध्ये प्रार्थना समाज स्थापन झाला, त्यात दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग पुढे होते.

दादोबांनी काही काळ सरकारी अधिकारी म्हणूनही काम केले. रावबहादूर ही पदवी मिळाली, तरी व्याकरण सुटले नाही. 17 ऑक्टोबर 1882 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना 'मराठी भाषेचे पाणिनी' म्हणतात.

आता उजळणी करूया. अव्ययांचे चार प्रकार आहेत:

1. क्रियाविशेषण – ती काल आली.
2. शब्दयोगी – घरासमोर झाड आहे. (बघा, 'घर'चे 'घरा' झाले, 'समोर' तसाच!)
3. उभयान्वयी – आई आणि बाबा आले.
4. केवलप्रयोगी – अरेरे! पेन्सिल मोडली.

आता प्रत्येक प्रकाराची दोन वाक्ये वहीत लिहा. वाक्यातला कर्ता एकवचनी असेल तर अनेकवचनी करा आणि कोणता शब्द जागचा हलत नाही ते स्वतः शोधा.