दोन नोबेल मिळवणाऱ्या मेरी क्युरीच्या घरात अभ्यास तासभर, मग मुली थेट घराबाहेर

मुलगा शाळेत व्हॅनने जातो, व्हॅनने येतो, मग क्लास, मग मोबाईल. पायाला काम असं नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार 2022 मध्ये जगात 5 ते 19 वयाची 39 कोटींहून जास्त मुलं जादा वजनाची होती, त्यातली 16 कोटी लठ्ठ. 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी किमान 60 मिनिटं घाम निघेल अशी हालचाल करावी, असं ही संघटना सांगते.

आता शंभर वर्षांपूर्वीच्या एका आईकडे बघू. तिचं नाव मेरी क्युरी.

मेरीचा जन्म 1867 चा, वॉर्साचा. शाळेत पहिली आली, सुवर्णपदक मिळालं आणि त्यानंतर वडिलांनी तिला काय दिलं? वर्षभराची सुट्टी. खेड्यात नातेवाईकांकडे जा, हुंदड, पुस्तकांना हात लावू नको. आजच्या पालकांना हे ऐकून धडकीच भरेल.

1891 मध्ये ती पॅरिसला शिकायला गेली. तिथे पिएर क्युरी भेटला. जुलै 1895 मध्ये लग्न झालं आणि आहेरात आलेल्या पैशातून दोघांनी काय घेतलं, तर दोन सायकली. हनिमून त्याच सायकलींवर झाला. पुढे 1897 मध्ये आठव्या महिन्याची गरोदर असतानाही ही बाई नवऱ्यासोबत सायकलवर ब्रेस्टकडे निघाली होती. हा प्रकार मात्र कुणी करून बघू नये, त्यांनाही ती सहल अर्ध्यात सोडावी लागली. सप्टेंबरमध्ये इरेन जन्मली आणि 1904 मध्ये इव्ह.

19 एप्रिल 1906. पॅरिसच्या रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून पिएर गेला. इरेन आठ वर्षांची, इव्ह दीड वर्षाचीही नाही. मेरीने सरकारी पेन्शन नाकारली, सोरबोनमध्ये पिएरच्या जागी शिकवायला लागली आणि मुलींना घेऊन पॅरिसबाहेर सो नावाच्या गावात राहायला गेली. तिला स्वतःला रोज ट्रेनने पॅरिस गाठावं लागायचं, पण मुलींना बाग मिळाली.

इथेच तिने तो नियम लावला. सकाळी एक तास काम, मग ते अभ्यासाचं असो नाहीतर हाताचं. तो तास संपला की मुली बाहेर. पाऊस असो की थंडी, लांबवर चालायला जायचंच. बागेत तिने आडवा दांडा उभारून घेतला होता, त्याला ट्रॅपीझ, रिंगा आणि चढायचा दोर. पुढे मुली व्यायामशाळेत जाऊन बक्षिसं घेऊन आल्या. सुट्टीत सायकलवरच्या सहली असायच्या आणि आईही सोबत असायची.

तेव्हा भीती लठ्ठपणाची नव्हती. मेरीची आई क्षयाने गेली होती, तेव्हा मेरी दहा वर्षांची होती. कोंदट वर्गात मुलांना दिवसभर बसवणं तिला अजिबात पटत नव्हतं. म्हणून 1907 च्या सुमारास तिने प्राध्यापक मित्रांसोबत स्वतःच्या मुलांसाठी एक वेगळीच शाळा चालवली. दहाएक मुलं, दिवसाला एकच धडा. रसायनशास्त्र जाँ पेराँ शिकवायचे, गणित पॉल लांजव्हँ, भौतिकशास्त्र खुद्द मेरी. उरलेला वेळ खेळायला. दोनेक वर्षांत शाळा बंद पडली, कारण शिकवणाऱ्यांनाच वेळ पुरेना.

1911 मध्ये दुसरं नोबेल आलं आणि त्याच्या मागोमाग आजारपण. 1912 मध्ये किडनीचं ऑपरेशन झालं. 1913 च्या उन्हाळ्यात अंगात किती ताकद उरलीय हे बघायला मेरी पाठीवर सॅक टाकून स्वित्झर्लंडच्या एंगाडिन भागातल्या डोंगरात चालायला निघाली. सोबत दोन्ही मुली, अल्बर्ट आईनस्टाईन आणि त्याचा मुलगा. पोरं पुढे धावायची, मागे मेरी आणि आईनस्टाईन भौतिकशास्त्रावर बोलत चालायचे.

मुलींना मोकळ्या हवेत ठेवणारी ही आई स्वतः मात्र दिवसभर रेडियमजवळ बसायची. 1934 मध्ये रक्ताच्या आजाराने ती गेली. पुढच्याच वर्षी इरेनला नवऱ्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तीही आईच्याच प्रयोगशाळेत वाढलेली. 1956 मध्ये ल्युकेमियाने गेली तेव्हा ती 58 वर्षांची होती. प्रयोगशाळेच्या वाटेला न गेलेली इव्ह 102 वर्षं जगली.