डॉ. जूल्यो बिझोझेरो

खेळतांना गुडघा फुटला कीं रक्त वाहतें आणि थोड्या वेळानें तें आपोआप थांबतें. हें कसें घडतें, याचा उलगडा करणाऱ्या शास्त्रज्ञाचें चरित्र विद्यार्थ्यांस मननीय वाटेल.

जूल्यो बिझोझेरो ह्यांचा जन्म इटलींतील व्हारेझे येथें १८४६ सालीं झाला. पाव्हिया येथील विद्यापीठांतून वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षीं ते वैद्यकाचे पदवीधर झाले. तेथें त्यांच्या प्रयोगशाळेंत काम केलेले कामिल्लो गोल्जी पुढें १९०६ सालीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. नंतर बिझोझेरो तुरिन येथें प्राध्यापक झाले.

रक्तांत तांबड्या व पांढऱ्या पेशींखेरीज अतिसूक्ष्म कण दिसतात, हें इतरांनींही पाहिलें होतें. परंतु ते मोडक्या पेशींचे तुकडे असावेत, असा संशय होता. बिझोझेरो ह्यांनीं १८८१-८२ च्या सुमारास जिवंत प्राण्याच्या आंतड्याजवळील पातळ पडद्यांतल्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखालीं न्याहाळल्या. वाहत्या रक्तांतही ते कण होतेच! रक्तवाहिनीस इजा होतांच ते त्या जागीं चिकटले, एकमेकांस बिलगले आणि त्यांचा बांध तयार झाला. पुढें फायब्रिनचे तंतू त्यांत गुंफले जाऊन गुठळी पक्की होते. ह्या कणांस आज आपण बिंबाणू अथवा प्लेटलेट म्हणतों. हेच रक्षक रोगट रक्तवाहिनींत भलत्या जागीं जमले, तर हृदयविकार वा पक्षाघात ओढवतो. म्हणून अशा रोग्यांस त्यांचा चिकटपणा कमी करणारें औषध वैद्य देतात.

पुढें दैवगति अशी कीं, बिझोझेरो ह्यांची दृष्टि अधू झाली व सूक्ष्मदर्शक सोडावा लागला. तथापि ते खचले नाहींत. सार्वजनिक आरोग्याच्या कार्यास त्यांनीं वाहून घेतलें. १८९० सालीं ते सिनेटर झाले. १९०१ सालीं तुरिन येथें त्यांचें निधन झालें.

पुढें १९१० सालीं अमेरिकेंतील डॉ. ड्यूक ह्यांनीं, बिंबाणू घटल्यानें रक्तस्राव होणाऱ्या रोग्यास दुसऱ्याचें रक्त दिलें असतां बिंबाणू वाढून स्राव थांबतो, हें दाखविलें. आज दात्याच्या रक्तांतून बिंबाणू वेगळे काढून रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्यांस देतात. हे बिंबाणू सामान्यतः पांच-सात दिवसच टिकतात; म्हणून दाते सतत लागतात.

हातचें साधन गेलें तरी सेवेची वाट बंद होत नाहीं, हेंच ह्या चरित्राचें सार होय.