ब्रेकमधली हवा आणि ब्लेझ पास्कल

ब्रेकचं काम करून गाडी घरी आणली आणि पेडल स्पंजसारखं मऊ लागतंय, असं कधी झालंय का? ब्रेक लाइनमध्ये हवा शिरली की असं होतं. एबीएस असलेल्या गाडीत तर ही हवा काढायला पाना आणि नळी पुरेलच असं नाही, कधी कधी स्कॅनरही जोडावा लागतो. यामागचं विज्ञान सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका तरुणाने लिहून ठेवलं होतं. त्याचं नाव ब्लेझ पास्कल. वेदर अ‍ॅपमध्ये हवेच्या दाबापुढे दिसणारं हेक्टोपास्कल हे एकक त्याच्याच नावावरून आलंय.

गणितावर बंदी

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी क्लेरमाँ गावात झाला. तो तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील एतिएन सरकारी अधिकारी होते आणि गणितातही हुशार होते. १६३१ मध्ये मुलांना घेऊन ते पॅरिसला आले आणि मुलाला स्वतःच शिकवू लागले. त्याने आधी लॅटिन आणि ग्रीक पक्कं करावं, म्हणून गणिताची पुस्तकं त्यांनी बाजूला ठेवली. पण बाराव्या वर्षी पोरगा जमिनीवर कोळशाने आकृत्या काढून त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज शोधत बसलेला त्यांना सापडला, असं त्याच्या बहिणीने लिहून ठेवलंय. मग ती बंदी उठली.

पुढे वडिलांना रुआँ शहरात करवसुलीचं काम मिळालं. रात्रंदिवस बेरजा-वजाबाक्या चालायच्या. ते बघून पास्कलने १६४२ मध्ये, जेमतेम एकोणीस वर्षांचा असताना, दातेरी चाकांचं गणकयंत्र बनवायला घेतलं. एका चाकाचा हातचा पुढच्या चाकावर आपोआप जायचा. पास्कलीन नावाचं हे यंत्र महाग पडलं आणि फारसं खपलं नाही, पण कॅल्क्युलेटरच्या इतिहासात त्याचं नाव पहिल्या काहींत घेतलं जातं.

हवेला वजन असतं

१६४६ मध्ये त्याला टॉरिसेलीच्या प्रयोगाची माहिती मिळाली. पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी धरली, तरी सगळा पारा खाली येत नाही. त्याला वर कोण धरून ठेवतं? पास्कलचं म्हणणं होतं की बाहेरच्या हवेचं वजन. तसं असेल, तर डोंगरावर हवा कमी असल्यामुळे पारा खाली यायला हवा.

त्याची तब्येत तरुणपणापासूनच नाजूक होती. त्यामुळे डोंगर चढायचं काम त्याने क्लेरमाँमध्ये राहणारे मेहुणे फ्लोरँ पेरिये यांच्यावर सोपवलं. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिये पुई द दोम डोंगरावर चढले. वर पाऱ्याची उंची सुमारे आठ सेंटिमीटरने कमी भरली. खाली मठाच्या बागेत दुसरी नळी ठेवून एक साधू दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवून होता, ती जागची हलली नाही. म्हणजे फरक हवामानामुळे नव्हता, उंचीमुळेच होता.

दोन निबंध

यानंतर पास्कलने दोन निबंध लिहिले, एक द्रवांवर आणि एक हवेच्या वजनावर. द्रवांच्या निबंधात त्याने पाण्याने भरलेलं बंद भांडं कल्पलं. त्याला दोन दट्टे, एक दुसऱ्यापेक्षा शंभरपट मोठा. छोट्या दट्ट्यावर एक माणूस जोर लावेल, तर मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांच्या जोराची तो बरोबरी करेल, कारण दाब द्रवात सगळीकडे सारखाच पोहोचतो. अर्थात, छोटा दट्ट्या शंभर इंच सरकेल तेव्हा मोठा एकच इंच हलेल. तुमच्या पायाच्या जोराने जड गाडी थांबते, ती याच नियमावर.

हवेच्या निबंधात त्याने हवेची तुलना लोकरीच्या ढिगाशी केली. वरच्या भाराने खालची लोकर जशी दबते, तशीच हवाही दबते. घरी करून बघा: सुई नसलेल्या सिरिंजमध्ये पाणी भरा, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. हलत नाही ना? आता हवा भरून तेच करा, दट्ट्या सहज आत जातो. ब्रेक लाइनमधल्या बुडबुड्याचं नेमकं हेच होतं. पेडलचा प्रवास हवा दाबण्यातच संपतो आणि चाकापर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही.

एबीएसमध्ये वेगळं काय?

साध्या ब्रेकमध्ये एकजण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाजवळचं निपल सैल करतो आणि ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर येतात. एबीएसमध्ये मधे एक युनिट असतं. चाक लॉक होऊ लागलं की त्यातले व्हॉल्व्ह सेकंदात अनेकदा उघडझाप करून दाब कमी-जास्त करतात. यातले काही व्हॉल्व्ह एरवी बंदच असतात. त्यांच्या मागे हवा अडकली, तर नुसतं पेडल मारून ती निघत नाही. म्हणून अनेक गाड्यांत स्कॅनरने कमांड देऊन व्हॉल्व्ह आणि पंप चालवतात आणि मग ब्लीडिंग करतात. हे राहून गेलं तर रोजच्या वापरात पेडल ठीक वाटू शकतं. पण ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला आणि एबीएस चालू झालं, की ती हवा लाइनमध्ये येऊन पेडल ऐनवेळी खाली जाऊ शकतं.

शेवटची वर्षं

नोव्हेंबर १६५४ मधल्या एका रात्रीच्या धार्मिक अनुभवानंतर पास्कलचं मन विज्ञानातून बरंचसं निघालं. ते दोन्ही निबंध छापले न जाता तसेच पडून राहिले. तब्येतही ढासळत गेली. तरी १६६२ च्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या, त्यामागे तोही होता. त्याच वर्षी १९ ऑगस्टला तो वारला. वय होतं ३९. निबंध छापून आले ते पुढच्या वर्षी, १६६३ मध्ये. १९७१ मध्ये दाबाच्या एककाला त्याचं नाव मिळालं.

तेव्हा ब्रेकचं काम झालं की दोन गोष्टी नक्की करा. आपल्या मॉडेलला स्कॅनरने ब्लीडिंग लागतं का, ते मेकॅनिकला विचारा. आणि गॅरेजमधून निघण्याआधी, इंजिन चालू करून, गाडी उभी असतानाच पेडल दाबून बघा. ते घट्ट लागलं पाहिजे आणि दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाता कामा नये. शंका वाटली तर गाडी बाहेर काढू नका.