नाना फडणिसांचे परराष्ट्रकारण

मराठेशाहीतील साडेतीन शहाण्यांची गणना करताना लोकपरंपरेने नाना फडणिसांच्या पदरात अर्धेच शहाणपण टाकले. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण शहाणे, कारण ते मसलतीबरोबर तलवारही चालवीत. नाना केवळ मुत्सद्दी, म्हणून अर्धे. समशेरीला राज्यकर्त्याचे पहिले भूषण मानणाऱ्या काळाचा हा निवाडा आहे. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ने नानांची आणखी एक प्रतिमा रूढ केली. तिच्यात तथ्य किती, हा वाद येथे अप्रस्तुत होय. हिंदुस्थानात सर्वात झपाट्याने वाढणारी सत्ता पुण्याच्या दारात पाव शतक थोपवून धरली गेली, ती प्रामुख्याने या अर्ध्या शहाण्याच्या मसलतीमुळे, एवढे मात्र निर्विवाद आहे.

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास झाला. घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. आजोबा बाळाजी महादेव हे पहिल्या पेशव्यांबरोबर देशावर आले आणि फडणिशी घराण्यात आली. १७६१ साली पानिपतावर नाना मरता मरता वाचले. तीर्थयात्रेच्या निमित्ताने बरोबर आलेल्या मातोश्री त्या धुमाळीत कायमच्या अंतरल्या. दूरदेशी एकाकी अडकलेल्या फौजेचे काय होते, हे त्यांनी विशीच्या आतच डोळ्यांनी पाहिले. पुढील आयुष्यात कोणत्याही प्रबळ शत्रूशी एकट्याने गाठ घालावयाची नाही, हा त्यांचा नेम झाला, त्याचे मूळ बहुधा येथेच असावे. त्यात फडणिसाचे काम म्हणजे राज्याच्या जमाखर्चावर नजर ठेवणे. लढाई म्हणजे काय, हे शिपायाला रणात कळते. ती परवडते की नाही, हे फडणिसाला कीर्दीत दिसते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. रघुनाथरावांस दूर सारून बारभाईंनी पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावे कारभार हाती घेतला. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले आणि मार्च १७७५ मध्ये त्यांनी सुरतेचा तह करून साष्टी व वसई देऊ केली. साष्टीचा लोभ मुंबईकर इंग्रजांना का होता, हे नीट पाहिले पाहिजे. मुंबई हे बंदर होते, पण त्याला स्वतःचा मुलूख जवळजवळ नव्हता. त्या इलाख्याचा कारभार आतबट्ट्याचा असून तूट बंगालच्या पैशाने भरून काढावी लागे. उलट, १७६५ पासून बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती आल्याने कलकत्त्याचा खजिना वाहता होता. म्हणजे लढाईची हौस मुंबईला आणि तिचा खर्च कलकत्त्याला, असा हा मामला होता. ही फट नानांनी व सखारामबापूंनी अचूक हेरली. कलकत्त्याने सुरतेचा तह नामंजूर केला, कर्नल अप्टन वाटाघाटीस आला आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला.

याच सुमारास इंग्रज अमेरिकेतील वसाहतींच्या युद्धात गुंतले होते आणि फ्रान्स संधीची वाट पाहत होता. १७७७ साली सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच पुण्यात अवतरला. त्याच्या अधिकाराविषयी शंका घेण्यास पुष्कळ जागा होती. तरीही नानांनी त्याचे थाटात स्वागत केले. फ्रेंचांची मदत मिळते की नाही, यापेक्षा ती मिळेल असे इंग्रजांना वाटणे अधिक महत्त्वाचे होते. ही खेळी अर्थात दुधारी ठरली, कारण त्याच धास्तीने बंगालहून फौज निघाली. मात्र ती पोचण्यापूर्वीच उतावीळ मुंबईकर बोरघाट चढून आले आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे त्यांना मानहानीचा करार करावा लागला. इंग्रजांनी तो पुढे मानला नाही, हा भाग निराळा.

नानांच्या परराष्ट्रकारणाचा कळस १७८० साली दिसला. पुणे, हैदराबाद, म्हैसूर आणि नागपूर या चार सत्तांनी चार दिशांनी एकाच वेळी इंग्रजांवर उठावे, अशी ही योजना होती. पिढ्यान्पिढ्यांचे वैरी एका मसलतीत बांधणे हे त्या काळी अघटितच होते. हैदरअलीने वचन पाळले. कर्नाटकात उतरून त्याने पोल्लिलूर येथे इंग्रजी फौज बुडविली. पण वॉरन हेस्टिंग्जने गुंटूर परत देऊन निजाम सैल केला आणि कटकपर्यंत गेलेल्या भोसल्यांच्या फौजेला रोख रक्कम मोजून थांबविले. चौकडीतील दोन पाय अशा रीतीने निखळले, तेही रणात नव्हे. या गोष्टीची दखल आपल्या इतिहासलेखनात पुरेशी घेतली जात नाही. नानांपाशी बुद्धी होती, वकील होते, हैदराबादेतून गोविंदराव काळ्यांसारख्यांची बारकाईने लिहिलेली पत्रे येत होती. मात्र मित्राची निष्ठा विकत घेऊ शकणारा किंवा विकली जाऊ न देणारा खजिना नव्हता. सरदारांना सरंजाम तोडून दिल्यावर मध्यवर्ती तिजोरीत उरणार किती?

तरीही १७८१ साली बोरघाटातून जनरल गॉडर्डला मागे फिरावे लागले आणि मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. वसई परत मिळाली, साष्टी मात्र गेली. हैदराला एकटे पाडणाऱ्या या तहावर नानांनी महिनोन्महिने शिक्का उमटू दिला नाही. डिसेंबरात हैदर मरण पावल्यावरच पुण्याने तो कायम केला. त्या तहाचे जामीन महादजी शिंदे होते. इंग्रजांना पुण्याखेरीज मराठ्यांचे दुसरे तोंड सापडले ते येथे. परराज्याशी बोलणारा आवाज एकच असावा, हा आग्रह नानांनी अखेरपर्यंत धरला. पण आपल्या आणि शिंद्यांच्या तक्रारींतून असा एक आवाज त्यांना घडविता आला नाही.

१७८६ साली चार्ल्स मॅलेट रेसिडेंट म्हणून पुण्यास आला आणि चार वर्षांनी नानांनी इंग्रज व निजाम यांच्याशी टिपूविरुद्ध करार केला. या निर्णयाबद्दल त्यांना कठोर दोष दिला जातो. १७८० मधील शहाणपण १७९० मध्ये कोठे गेले, हा प्रश्न रास्त आहे. टिपूने कृष्णेच्या दक्षिणेकडील मुलखाला उपद्रव दिला होता हे खरे. त्याला नमवावे, नाहीसा करू नये, असा पुण्याचा बेत होता आणि १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहात तसे घडलेही. टिपूचे निम्मे राज्य गेले, निम्मे राहिले. पण अर्धे उरलेले म्हैसूर हा इंग्रजांच्या दृष्टीने तोल नव्हता, पुढचा घास होता. पासंगाला वजन टाकून तराजू सावरणाऱ्याने समोरचा व्यापारी तराजूच उचलून नेणार आहे, हे ओळखावयास हवे होते. तेथे नाना चुकले.

१७९५ साली खर्ड्यावर निजामाचा पराभव झाला, इंग्रज तटस्थ राहिले आणि पुणे दरबाराचे तेज अखेरचे झळकले. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यावरून पडून वारले. एकवीस वर्षांच्या या पेशव्याला नानांनी जिवापाड जपले, राज्य चालविण्यास मात्र मोकळे सोडले नाही. सर्व सूत्रे, सर्व गुपिते एकाच माणसाच्या ठायी साठली होती. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत दौलतराव शिंद्यांनी नानांनाच कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. १७९८ मध्ये ते सुटून आले, तोवर निजाम तैनाती फौजेच्या पाशात जात होता. १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले. १३ मार्च १८०० रोजी नाना पुण्यात निवर्तले. आता पुण्याचे शहाणपण आणि मर्यादा संपली, असा अभिप्राय तत्कालीन रेसिडेंट पामरने वरिष्ठांना कळविला.

३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावाने वसईस जो तह केला, त्याने इंग्रजी फौज पुण्यात आणली आणि परराज्यांशी स्वतंत्रपणे बोलण्याचा हक्क गमावला. नानांना पुत्र नव्हता. त्यांची अल्पवयीन विधवा जिऊबाई लोहगडावर विश्वासू किल्लेदाराच्या आश्रयाने राहत होती. १८०४ साली जनरल वेलस्लीने मध्ये पडून तिला संरक्षण दिले आणि सालीना बारा हजार रुपयांची नेमणूक करून दिली. हे संरक्षण तिला हवे होते ते पेशव्यापासून.