माता रमाई आणि रिकामे पाळणे

विहाराच्या वर्धापनदिनी आपण माता रमाईच्या फोटोला हार घालतो, त्यांना त्यागमूर्ती म्हणतो. ते योग्यच आहे. पण एकदा त्याग म्हटलं की पुढचा विचार थांबतो. रमाईंची चार लेकरं लहानपणीच गेली आणि त्या स्वतः वयाच्या 37 व्या वर्षी गेल्या. कोणती आई स्वतःहून लेकरं त्यागते? ती गरिबीनं तिच्या मांडीवरून ओढून नेली. आम्ही गिरणी कामगार. शाळा थोडी झाली, बाकीचं वाचनालयात आणि युनियनच्या सभांत शिकलो. म्हणून आम्हाला रमाईंचं चरित्र या बाजूनं सांगावंसं वाटतं.

रमाचा जन्म 7 फेब्रुवारी 1898 चा, दापोलीजवळच्या वणंद गावचा. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या पाट्या वाहत. आईचं नाव रुक्मिणी. आधी आई गेली, मग वडील. पोरक्या भावंडांना नातलगांनी मुंबईला भायखळ्याच्या चाळीत आणलं. म्हणजे ज्या वयात लेकराला आईच्या हातचा घास लागतो, त्या वयात रमा लहान भावंडांना घास भरवत होती. 1906 च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात, दुकानं बंद झाल्यावर, रात्री भिवाशी तिचं लग्न लागलं. नवरी आठ-नऊ वर्षांची.

12 डिसेंबर 1912 ला यशवंत झाला. 2 फेब्रुवारी 1913 ला सासरे सुभेदार रामजी गेले, आणि त्याच वर्षी बाबासाहेब शिकायला अमेरिकेला गेले. ते 1917 ला परतले. पुन्हा 1920 ते 1923 लंडनला. या सगळ्या वर्षांत घर रमाईंनी चालवलं. शेण्या थापल्या, जळण वेचलं, अर्धपोटी राहून घरच्यांना जेवू घातलं, असं जुनी माणसं सांगत आली. नवऱ्याच्या अभ्यासात खंड पडू नये म्हणून घरची दैना त्या कळवतसुद्धा नसत.

घर कसलं, तर परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन लहान खोल्या. 1896 च्या प्लेगनंतर सरकारनं 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, त्या ट्रस्टच्या या चाळी. त्यात मोठ्या दिराच्या पश्चात जाऊबाई लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंदही होते. खाणारी तोंडं जास्त, मिळकत कमी. अशा संसारात गंगाधर गेला, रमेश गेला, इंदू गेली. आणि जुलै 1926 मध्ये सगळ्यांचा लाडका राजरत्न गेला. बाबासाहेबांनी एका मित्राला पत्र लिहून आपलं दुःख मोकळं केलं. रमाईंना पत्र लिहायला कोण होतं?

हे फक्त एका घरात घडत होतं असं नाही. मुंबईच्या 1921 च्या नोंदींत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार जन्मांमागे आठशेहून जास्त तान्ही मुलं वर्षाच्या आत गेलेली दिसतात. चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत हाच आकडा दीडशेच्या खाली. बायका बाळंतपणाला गावी जात, जन्म तिकडे नोंदला जाई, म्हणून एका खोलीचा आकडा फुगलेला आहे हे आम्ही मान्य करतो. तो कमी धरला तरी फरक लपत नाही. गिरणीत जाणारी आई तान्ह्या बाळाला अफूची गोळी चाटवून जायची, म्हणजे ते दिवसभर पडून राहील. ती आई निर्दय नव्हती. तिला रजा नव्हती.

म्हणून पुढची गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. जुलै 1928 मध्ये मुंबई कायदे मंडळात प्रसूती रजेचं बिल आलं. बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, त्याचा भार सरकारनं उचलावा आणि जो मालक तिच्या श्रमाचा फायदा घेतो त्यानंही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. 1929 ला कायदा झाला. पुढे 1942 ते 1946 मजूर खातं त्यांच्याकडे असताना खाणीतल्या बायांच्या प्रसूती कायद्यातही त्यांनी दुरुस्ती मांडली. राजरत्न जाऊन दोन वर्षंच झाली होती. बोलताना घरचे रिकामे पाळणे त्यांच्या डोळ्यांपुढे नसतील, असं आमचं मन मानत नाही.

रमाईंची तब्येत मात्र सावरली नाही. अंगातली ताकद बाळंतपणांनी आणि कष्टांनी नेली, मनातली दुःखांनी. बाबासाहेब चळवळीत आणि पुस्तकांत. त्यांनी पंढरपूरला जायची इच्छा धरली, पण तिथं अस्पृश्यांना देवळाबाहेरच उभं राहावं लागे, म्हणून बाबासाहेबांनी नेलं नाही. पुढे दादरला राजगृह बांधून झालं. चार भिंती ऐसपैस झाल्या, पण तोवर उशीर झाला होता. 27 मे 1935 ला रमाई गेल्या. बाबासाहेब दिवसच्या दिवस खोलीत कोंडून रडले. 1940 मध्ये त्यांनी थॉट्स ऑन पाकिस्तान हा ग्रंथ रामूच्या आठवणीला अर्पण केला.

आमच्या आईचं आमच्या आधीचं एक मूल गेलं होतं. ती कामाला तिसऱ्याच दिवशी लागली, असं ती सांगायची, आणि सांगताना भिंतीकडं बघायची. तिला काय वाटतं हे आम्ही कधी विचारलं नाही. आज डॉक्टर सांगतात की आईचं दुःख, भीती, एकटेपण यांचा परिणाम तिच्या खाण्यावर, झोपेवर आणि बाळाच्या वाढीवरही होतो. आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्यांना हे माहीत होतं. वेळ कुणाला नव्हता.

दिवस पालटले हे खरं. 2020 च्या सरकारी आकड्यांत महाराष्ट्रात हजारी 16 बाळं वर्षाच्या आत गेली. 1961 ला देशभर प्रसूती कायदा झाला, 2017 ला रजा 26 आठवडे झाली. पण धुणीभांडी करणारी, नाक्यावर उभी राहणारी, घरी बसून मणी ओवणारी आपली लेकसून या पगारी रजेत बसत नाही. 2019-21 च्या पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. ती अजूनही सगळ्यांच्या मागून जेवते.

म्हणून आमची विनंती आहे. विहारात वस्तीतल्या गरोदर बायांची एक वही ठेवा. कोण दवाखान्यात नाव घालायची राहिली, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, हे आशाताईला विचारा. पुरुषांनी घरात ताट आधी तिच्यापुढं ठेवावं. आणि जिचं बाळ गेलं असेल तिच्याजवळ जाऊन बसावं, शहाणपण न शिकवता. रमाईंजवळ असं बसायला फार कुणी नव्हतं. आपण कुणाजवळ तरी बसू शकतो.

जयभीम.